वाढत्या अंगाचा झगा

आमच्या गावच्या शाळेत खाकी चड्डी सक्तीची होती आणि ती शिवायचा बाळू शिंपी. माप घ्यायचा माझं, पण कापायचा माझ्या थोरल्या भावाएवढी. तिसरीत शिवलेली चड्डी सातवीपर्यंत पुरली पाहिजे, असा वडलांचा हुकूम. मी शाळेकडं पळत सुटलो की आधी मी पोचायचो, मागाहून चड्डी. सातवीत ती मला नेमकी बसली आणि त्याच वर्षी माझी शाळा संपली.

पुढं एसटीत कंडक्टर झालो तेव्हा ही विद्या कामाला आली. गाडीत एखाद्या पोराची आई म्हणायची, पोरगं लहान आहे, अर्धं तिकीट द्या. मी पोराच्या तोंडाकडं बघायचोच नाही, सदऱ्याच्या खालच्या कडेला बघायचो. दुमड उसवून सदरा लांब केला की जुन्या दुमडीच्या जागी गडद रेघ राहते. जितक्या रेघा तितकी वर्षं. एकदा रहिमतपूरच्या थांब्यावर एक बाई मला म्हणाली, "मास्तर, सदरा थोरल्याचाय. रेघा त्याच्या हायत, ह्याच्या न्हाईत." त्यावर मी मुकाट्यानं अर्धं फाडलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची सून सुचित्रा.

माझा मुलगा विक्रांत डब्लिनजवळ ओंगारला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमची मंडळी वारल्यापासून मी वर्षातले काही महिने त्यांच्याकडं असतो. सुचित्रा विट्याची. तिकडच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गात ती शिकली, मग बी. कॉम. झाली, मग लग्न होऊन इकडं आली. पहिलं वर्ष तिनं खिडकीतून पाऊस बघण्यात घालवलं. एके दिवशी जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला एक पाकीट सापडलं. आत पातळ कागदावर लहान मुलीच्या फ्रॉकचा नमुना छापलेला. एकाच कागदावर सगळ्या वयांच्या रेषा, एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. आपल्या वयाची रेष धरायची आणि कापायचं. शिवणवर्गात तिला छातीच्या मापावरून स्वतः आखायला शिकवलेलं. दुसऱ्यानं आखून दिलेलं कापायचं, याचं तिला फार हसू आलं. पण पाकीट घेऊन आली.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि कागद जास्त. मूळ नमुना ती कधी कापत नाही. त्यावर बटर पेपर ठेवून रेष उतरवून घेते आणि मग बदलते. इकडचे नमुने आपल्या बायकांना दंडात घट्ट आणि पाठीत सैल होतात, तेव्हा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेतला घेर, खाली घ्यायचा, बाहीला घेर द्यायचा. लहान मुलांच्या नाइटड्रेसच्या नमुन्यावरून तिनं सलवार काढली, पोरींच्या टॉपवरून परकराचं पोलकं काढलं. टॅलाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर नंदिनीबाईंचे कुर्ते तीच शिवते. तिथं कोपराखाली कापड चालत नाही, म्हणून त्यांच्या बाह्या कोपराच्या वर थांबतात, पण अशा बेतानं की आखूड वाटू नयेत.

आणि पोरांचे कपडे? ते सगळे वाढत्या अंगाचे. आत भरपूर माया ठेवायची, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, आणि खाली रुंद दुमड. ओंगारमधल्या मराठी पोरांच्या कडा मी रोज बघतो. माझी नोकरी अजून सुटलेली नाही असं वाटतं.

आता शेजारच्या नोरीनबाईंची गोष्ट. साठी ओलांडलेली बाई, एकेकाळी स्वतः उत्तम शिवायच्या. आता बोटं संधिवातानं वाकलीत, सुई धरवत नाही. त्यांची नात ऑर्ला माझ्या नातीच्या, रेवाच्या वर्गात, दुसरीत. इकडं त्या वयाच्या मुलांचा चर्चमध्ये एक विधी असतो, कम्युनियन म्हणतात. थाट आपल्या मुंजीचा. पोरी पांढराशुभ्र झगा घालतात, एका दिवसापुरता. रेवा त्यात नव्हती, पण घरात चर्चा तिच्याच तोंडून चालायची.

नोरीनबाईंनी आपल्या लग्नाचा झगा जपून ठेवला होता. इकडं कपाटाला प्रेस म्हणतात, तर त्या प्रेसमध्ये, कागदात गुंडाळून. खाली साटीन, वर धुक्यासारखं पातळ कापड. तो त्यांनी आमच्या टेबलावर आणून पसरला, सोबत स्वतःच्या लेकीच्या वेळचं नमुन्याचं पाकीट ठेवलं आणि सुचित्राला म्हणाल्या, ह्यातून ऑर्लाचा कर. लेकीच्या वेळी त्यांना तो कापवला नव्हता. आता दुसऱ्याच्या हातानं का होईना, कापायचा होता.

सुचित्रानं दोन दिवस कात्रीला हात लावला नाही. चुकलं तर आणायचं कुठून? त्या कापडाचा तागा कुठल्याच दुकानात नव्हता. शेवटी तिनं ऑर्लाचं माप घेतलं. पोरगी पोहणारी, खांद्यात रुंद, कंबरेत काडी. खांद्याला एका वयाची रेष, कंबरेला दुसऱ्या वयाची, आणि मधे हातानं जोडलेली. मी म्हटलं, ही तर कोरेगावची गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लावलीस. ती हसली, आणि कापलं.

विधीच्या आदल्या आठवड्यात कच्चा टाका घालून झगा ऑर्लाच्या अंगावर चढवला. मी कोपऱ्यात चहा घेत होतो. बघतो तर पोरगी आत कुठंतरी आणि झगा बाहेर उभा. बाह्यांतून बोटांची टोकं दिसत होती. ऑर्ला आरशात बघून काहीतरी पुटपुटली, रेवा फिसकन हसली. मला नंतर कळलं, ती म्हणाली होती की मी खाटेवर टाकलेली चादर दिसतेय.

नोरीनबाई म्हणाल्या, "ग्रँड." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "ग्रँड." मग नातीचा हात धरून गेल्या.

विक्रांत संध्याकाळी म्हणाला, त्यांना चालतंय ना, मग तू कशाला डोकं लावतेस? सुचित्रा म्हणाली, "इथं आवडलं तर एकदा म्हणतात रे. दोनदा म्हटलं की समजायचं."

मग तिनं नमुना पुन्हा पसरला आणि कपाळावर हात मारून घेतला. पाकिटातल्या रेषेत शिवणीचं कापड आधीच धरलेलं होतं, हालचालीपुरता सैलपणाही धरलेला होता. तिनं त्यावर आपली माया सोडली होती. आणि तेवढ्यावर न थांबता सवयीनं दोन वर्षं पुढची रेष धरली होती. विचार करून नाही. हातच तसा गेला. एका दिवसाचा झगा तिनं वाढत्या अंगाचा कापला होता.

मी म्हटलं, बरंच झालं की, कापड आत आहे, गेलं नाही. आत ओढून घे. तिनं मला झगा उजेडासमोर धरून दाखवला. वरचं कापड इतकं पातळ की आतल्या जादा पट्ट्या बाहेरून रस्त्यासारख्या दिसत होत्या. नीट बसवायचा तर माया कापून टाकायला हवी. आणि त्या कापडाला पुन्हा कात्री लावायची म्हणजे आता परतीचा रस्ता नाही. नोरीनबाईंना विचारल्याशिवाय ती लावणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडं गेली. मला बरोबर नेलं. माझं इंग्रजी तिकिटापुरतं, पण शनिवार असल्यानं रेवा होती, ती कानात सांगत होती, तेही अर्धं इंग्रजीत. सुचित्रानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आमच्याकडं मुलांचे कपडे पुढच्या वर्षांसाठी शिवतात, माझा हात तसाच गेला, चूक माझी.

नोरीनबाई हसायला लागल्या. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी एक कोट घेतला होता. वाढशील त्यात, म्हणाली. तो कोट त्यांना पहिल्या नोकरीला लागल्या तेव्हा बसला. मला राहवलं नाही. मी रेवाला म्हटलं, सांग त्यांना माझ्या चड्डीची गोष्ट. रेवानं काय सांगितलं देव जाणे, पण नोरीनबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघत मान हलवत राहिल्या.

मग सुचित्रानं विचारलं, कापू का? माया ठेवली तर पुढंमागं ऑर्लाला पुन्हा मोठा करून देता येईल, पण आत्ता शिवण दिसेल. कापली तर आत्ता नीट बसेल, पुढं काही नाही.

नोरीनबाईंनी झग्यावरून वाकडी बोटं फिरवली. त्या म्हणाल्या ते सुचित्रानं मला घरी येताना शब्दन् शब्द सांगितलं: "चाळीस वर्षं मी हा नंतरसाठीच ठेवला होता. लेकीलाही दिला नाही. आता त्या दिवसापुरताच कर, पण तिला बसेल असा."

सुचित्रानं त्याच दुपारी माया कापली. मी समोर बसलो होतो. चिकोडीच्या घाटात ड्रायव्हर तोंड बंद करून गाडी उतरवायचा, तसा तिचा चेहरा. पांढऱ्या पट्ट्या टेबलावर पडत गेल्या. त्यातल्या चांगल्या जोडून तिनं ऑर्लाच्या हातात धरायला एक छोटा बटवा केला, ओढायच्या नाडीचा.

विधीच्या दिवशी आम्ही चर्चच्या बाहेर उभे होतो. पाऊस थांबल्यासारखा होता. ऑर्ला आली ती खांदे मागं टाकून, आणि झगा तिच्याबरोबर चालत होता, मागून येत नव्हता. नोरीनबाईंनी सुचित्राचा हात दाबला. ग्रँड म्हणाल्या नाहीत.  दुपारी त्यांच्या अंगणात हवा भरलेला रबरी किल्ला आणला होता, पोरं त्यावर उड्या मारत होती. ऑर्ला झग्यासकट चढली. तिची आई ओरडायला निघाली, तर नोरीनबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. संध्याकाळी झग्याला गवताचा हिरवा डाग पडला होता. तो काही निघाला नाही. आता तो तसाच प्रेसमध्ये आहे, डागासकट.

घरी आल्यावर रेवानं आईसमोर उभं राहून मराठीत सांगितलं, नेहमी ती इंग्रजीतच बोलते म्हणून मला विशेष वाटलं: "मला पण आत्ताचा शिव."

सुचित्रानं तिला पिवळा फ्रॉक शिवला, तिच्याच वयाच्या रेषेवर, माया पाकिटातल्या रेषेत धरलेली तेवढीच. इतका नेटका बसला की पोरगी दोन दिवस तोच घालून हिंडली. गणपतीत बघतो तर गुडघ्याच्या वर गेलेला. सोडायला दुमड नाही, उसवायला माया नाही.  सुचित्रानं खाली निळ्या कापडाची पट्टी जोडली आणि रेवा आरतीला ती मिरवत आली.

मी सवयीनं कडेला बघितलं. रेघ एकच होती, पण वीतभर रुंद आणि निळी. असल्या पोरीला मी काय तिकीट फाडलं असतं, सांगता येत नाही.