पत्र्याखालची कात्रणं

परवा साडीवर इस्त्री जरा जास्त वेळ टेकली आणि जळक्या प्लास्टिकसारख्या त्या वासानं मला आमच्या बेंबळी गावातली लहानपणची एक दुपार आठवली. आमच्या शेजारच्या चाची कपडे शिवायच्या. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, म्हणून त्यांनी शिवणातली साठलेली कात्रणं पोत्यांत भरून, वरून गोधडीसारखे टाके घालून पत्र्याखाली बांधली. घर खरंच निवलं. निम्मी गल्ली दुपारी तिथंच येऊन बसायची. एकदा लोंबत्या वायरीकडं बघत आई म्हणाली, "चाची, ह्यानं पेट घेतला तर वो?" चाचींनी कापड पारखायची जुनी रीत केली, एका कात्रणाला काडी लावली. सुती असतं तर नुसती राख झाली असती. हे वितळलं, आणि त्याचा पेटता थेंब फरशीवर पडला. चाचींनी तो चपलेनं विझवला. मग चाची म्हणाल्या, "आग कवा लागंल ते अल्लाला ठाऊक. ऊन तर रोजचंच हाय." दुसऱ्या दिवशी आईनं त्यांच्याकडची उरलेली कात्रणं मागून आणली आणि आमच्याही पत्र्याखाली तशीच बांधली. परवा आईच्या त्याच छताखाली उभी राहून मी वास जावा म्हणून खिडकी उघडली; बाहेरून झळ आली, तशी परत लावून घेतली.