गुरुवारची नखं

आमच्या शेजाऱ्यांनी आयुष्यात काहीही तपासल्याशिवाय पदरात घेतलं नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते आणि 'आधी सॅम्पल, मग जॉब' हा तिथला नियम त्यांनी घरीही लावला होता. कलिंगडाच्या गाडीवर चार फोडी चाखून ते पाचवी विकत घेत. फक्त बायकोने आणलेला कुत्रा त्यांनी तपासून घेतला नव्हता. नाव ढाण्या, आणि कुकरची शिटी झाली की पलंगाखाली. त्याची नखं वहिनी कापायच्या, बोलत बोलत. वहिनी गेल्या आणि ढाण्या पंजाला हात लावू देईना. नखं वळून तळव्यात रुतायला लागली, तो लंगडू लागला. डॉक्टरांनी बांधून कापा म्हटलं, तर हे म्हणाले, "तिनं कधी बांधला नाही."

मग सॅम्पल सुरू झालं. आधी नेलकटर नुसतं त्याच्या ताटलीशेजारी ठेवलं. मग दुरून कटकट आवाज आणि लगेच चपातीचा तुकडा. मग त्याच्यासमोर बसून स्वतःची नखं. ती सगळी संपली तरी ढाण्याचा विचार चालूच होता. तेव्हा ते आमच्या दारात आले.

"राव, नखं वाढलीत का?"

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी नखं कापायची नाहीत ही आमच्या घरची शिस्त.

"गुरुवारी? आणि तीही लोकांच्या घरी जाऊन?" बायको म्हणाली.

"सुट्टीचा वार कंपनीनं ठरवलाय," मी म्हणालो आणि गेलो.

दिवसकार्यानंतर त्या घरात कोणी फारसं बसलं नव्हतं. शेजाऱ्यांनी चहा ठेवला आणि उद्घाटनाच्या पाहुण्यालाही जमणार नाही अशा गांभीर्याने माझं पहिलं नख कापलं.

"बोलत राहायला हवं," ते म्हणाले. "ती बोलायची. काय बोलायची, ते मी कधी ऐकलं नाही."

त्यांना विषय एकच येत होता, नापास झालेले बोल्ट. दर गुरुवारी ते बोल्टांबद्दल बोलत, मी हात पुढे धरत असे आणि ढाण्या जरा जवळ सरकत असे. शेवटी एका गुरुवारी त्याने आपणहून पंजा त्यांच्या तळहातावर ठेवला. सगळी नखं निघाली. तो कुंईसुद्धा म्हणाला नाही.

पुढच्या गुरुवारी ते पुन्हा दारात.

"राव, नखं वाढलीत का?"

"अहो, ढाण्याचं झालं ना?"

"झालं. पण सॅम्पल चालू ठेवलेलं बरं."

त्यांच्या उघड्या दारातून ओट्यावर मांडलेले दोन कप दिसत होते. माझी नखं पार बोटांना भिडली होती. मी चपला घातल्या.