शुभदा मॅडम माझ्या कोण होत्या?

मला मरायचं होतं, हे मी ज्यांना सर्वांत आधी सांगितलं, त्या शुभदा मॅडम काल गेल्या.
हार्ट अटॅक.

काय लिहू, खरंच कळत नाहीय.

अकरावीत होते. जेवण सुटलं, झोप गेली, हायर सेकंडरीला जाणं बंद झालं. आईने डिचोलीच्या या थेरपिस्ट शोधून काढल्या. आमच्या पेडण्यात कुणाला कळायला नको, म्हणून म्हापशाला बस बदलून जायचो. शेजारणींना आई सांगायची, दाताच्या डॉक्टरकडे नेते.

सुरुवातीला मी तोंडच उघडलं नाही.

मॅडमनी जबरदस्ती केली नाही. एकच स्पष्ट केलं. इथलं सगळं त्या आईला सांगणार नाहीत. माझ्या जिवाला धोका वाटला तरच सांगतील, तेही आधी मला सांगून.

मग एकदा सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का गो?"

अभ्यासाचं टेन्शन आहे का, कुणी मुलगा आहे का, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

मी "हो" म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस. आता आईला कसं सांगायचं, ते दोघी मिळून ठरवूया."

शब्द मी ठरवले. आईला आत बोलावलं. ऐकून ती माझा हात धरून म्हणाली, "माका वाटलां, तुका मीच नको झालंय."

तिला असं वाटत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढे औषधं, परत परत डिचोली. मध्येच बरं, मध्येच पुन्हा तेच. पण आज मी आहे. फोंड्याला नोकरी करते.

आज त्यांच्या घरी गेले. अंगणात एका बाईंनी विचारलं, "तू त्यांची कोण?"

मला सांगताच येईना. नातेवाईक नाही, मैत्रीण नाही. घरातलं कुणी मला ओळखत नव्हतं. म्हणजे मॅडमनी माझं नाव घरीसुद्धा कधी काढलं नव्हतं. याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, अजून समजत नाही.

"ओळखीची," एवढंच म्हटलं.

फाटकाजवळ माझ्याच वयाची दोघं-तिघं वेगवेगळी उभी होती. तीही त्यांच्याकडे यायची का? विचारायचा धीर झाला नाही.

आईला विचारलं, हे इथे लिहू?
म्हणाली, "लिही. लोकांका कळां दी."

मॅडम, मी तुमची पेशंट होते.
शेवटचा नमस्कार करते. या आता.