साडूभाऊंचं एन्झाइम

काहीही न विचारता मेंदूविषयी सर्वात जास्त माहिती मिळण्याचं जळगावातलं एकमेव ठिकाण म्हणजे आमचे साडूभाऊ. धुळ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि जळगावला येऊन राहिले, पण तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू गेलीच नसावी. भरीत पार्टीत सगळे वांग्यावर तुटून पडलेले असताना हे हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी धरून मला सांगणार, की मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी जोड असतात, आणि कुठला जोड पक्का करायचा, कुठला सोडायचा, हे निरोप एक एन्झाइम पोचवतं. "वय झालं की निरोपांत गोंधळ होतो!" म्हणजे ते एन्झाइम वाढतं का, असं मी विचारलं की म्हणायचे, "कुठं वाढतं, कुठं कमी पडतं." मग चांगलं की वाईट? "तेच तर!" मी गोंधळून भरीत वाढून घ्यायचो. एकदा स्टेशनपासून घरापर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला हे सगळं समजावलं. दाराशी उतरल्यावर तो अदबीनं अहिराणीत म्हणाला, "नाना, बठ्ठं समजनं. पन ते भेटस कोठे?"

गेल्या वर्षी अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आमटीत दोनदा मीठ पडू लागलं, गॅस चालू राहू लागला. साडूभाऊंनी निदान केलं, एन्झाइम! आणि अक्कांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी. डॉक्टरांनी वार विचारला.

"बुधवार. नळाचा दिवस," अक्का म्हणाल्या.

"चुकली! गुरुवार," साडूभाऊ मध्येच बोलले.

बुधवारच होता. डॉक्टरांनी हळूच खुर्ची त्यांच्याकडे वळवली. लक्षात ठेवायला तीन शब्द दिले. थोड्या वेळानं परत विचारल्यावर साडूभाऊंनी त्या चाचणीमागचं शास्त्र सुरेख सांगितलं, पण शब्द एकही आठवेना.

ते औषधं आणायला मेडिकलमध्ये गेले, तेव्हा मी अक्कांना विचारलं, "मग ते मीठ?"

"दुसऱ्यांदा मीठ तेच टाकायचे," अक्का म्हणाल्या. "गॅसही त्यांचाच. म्हटलं, माझ्या नावावर असू दे. स्वतःसाठी ते इथवर आले असते का?"

तेवढ्यात साडूभाऊ पिशवी घेऊन आले. "घाबरू नकोस," ते अक्कांना म्हणाले, "पण गोळ्या वेळेवर घेत जा."

"घेईन हं," म्हणत अक्कांनी पिशवी खांद्याला अडकवली, त्यांचा हात धरला आणि दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांडला.