झाडाच्या बाजूचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्या माझ्या मुलाला तर नाहीच. इथे लिहितोय कारण इथे मला कुणी ओळखत नाही. नावंही बदललीत.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचायचो. कुणाला सावली दिसली म्हटलं की माझा पहिला प्रश्न – लाइट कुठून येत होता? मी ड्राफ्ट्समन, इमारतींचे नकाशे काढतो, मरोळला ऑफिस. भिंत कुठे आहे आणि कुठे नाही, एवढंच आयुष्यभर बघितलं.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, एका तीन मजली जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. दाराबाहेर डाव्या हाताला, कंपाउंडच्या भिंतीला लागून जांभळाचं झाड. घरात मी, मेधा, आई, सिनियर केजीतला ओम आणि गुंड्या. गुंड्या म्हणजे मेधाने गल्लीतून उचलून आणलेलं तांबूस पिल्लू. आई आधी तयारच नव्हती. मग तिने अट घातली, "कुत्रं राहील, पण चिखल राहणार नाही. पाय पुसल्याशिवाय घरात घ्यायचं नाही." दाराच्या खिळ्याला जुन्या टॉवेलचा तुकडा कायम लटकलेला असायचा.

गुंड्याने ही अट आमच्यापेक्षा मनावर घेतली. फिरून आला की उंबऱ्याशी उभा राहून स्वतःच एकेक पाय उचलायचा. आधी पुढचे, मग मागचे. चारही पुसून होईपर्यंत जागचा हलणार नाही. एकदा आई दोन पाय पुसून फोन घ्यायला आत गेली आणि गप्पांत विसरली. परत येऊन बघते तर हा तीन पायांवर तसाच उभा!

"माझ्या सुनेपेक्षा जास्त ऐकतो हा," आईने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

"माझे पण पाय पुसत जा आई, मी पण ऐकेन," मेधा म्हणाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्हाला नाहूरला भाड्याचं घर मिळालं, पण मालकाची पहिलीच अट – कुत्रा चालणार नाही. दुसरी घरं बघितली, सगळीकडे तेच. शेवटी कर्जतला शेतावर राहणारा एक मित्र गुंड्याला ठेवायला तयार झाला. मी घरी सांगून टाकलं. ओमने रडून घेतलं, मग शेतात बैल आहेत म्हटल्यावर गप्प झाला. सामान हललं, आणि त्याच दिवशी मित्राचा फोन आला... बायको नको म्हणतेय, सॉरी यार.

हे मी घरी बोललोच नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दमलो होतो. मालक नव्या घराच्या दारात उभा होता, कुत्र्याला एका रात्रीचीच मुदत देऊन. कुणाच्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची ताकद नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'कर्जतला चाललो' असं सांगून मी गुंड्याला गाडीत घेतलं. थोडा वेळ नुसताच फिरलो आणि जुन्या बिल्डिंगपाशी गाडी लावली. दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या. कामगार जेवायला गेले होते. गुंड्या शेपटी हलवत थेट आमच्या दाराशी गेला. दार नव्हतं, नुसती चौकट होती, तरी उंबऱ्याशी थांबला आणि पाय उचलला.

मी रुमाल काढला. सवयीने पुढचे दोन पुसले. मागचा एक पुसला. मग त्याने मागचा दुसरा, जांभळाच्या बाजूचा पाय उचलला... आणि मी उठून उभा राहिलो.

मुद्दाम. मला माहीत होतं, तो पाय पुसल्याशिवाय हा जागचा हलणार नाही. माझ्यामागे येणार नाही. "थांब हं," म्हणालो आणि निघालो. गेटमधून वळून बघितलं. तीन पायांवर उभा होता. माझ्याकडे बघत होता. शेपटी हलत होती.

संध्याकाळी घरी सांगितलं, मस्त रमला. ओमने विचारलं, "पण तिकडे त्याचे पाय कोण पुसणार?"

"पुसतील रे ते लोक."

दोन दिवसांनी गेलो तर सगळीकडे पत्रे लागले होते. वॉचमन म्हणाला, कुत्रा वगैरे काही नव्हता. मी गल्ल्या धुंडाळल्या. नाहीच मिळाला.

भाड्याच्या घरातच रेवा जन्मली. टॉवर रखडत रखडत उभा राहिला आणि गेल्या वर्षी आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला आलो. जुन्या तळमजल्याच्या जागी आता खांबांचं मोकळं पार्किंग आहे. जांभूळ तेवढं वाचलं. ओमने हट्टाने पिल्लू आणलं, बिस्किट. आईने पुन्हा तीच अट घातली, त्यामुळे वर दाराशी पाय पुसायची पद्धत बिस्किटला आणि चार वर्षांच्या रेवाला ठाऊक आहे. ते मी हिशेबात धरूनच पुढचं सांगतोय.

पण बिस्किट खाली पार्किंगमध्येही थांबायला लागला. रोज, एकाच खांबापाशी. तिथे ना दार, ना पायरी. पाय उचलायचा नाही – नुसता बसायचा. लाइनीत आपला नंबर यायची वाट बघत बसावं तसा. ओढलं तर पुढचे पाय रोवून धरायचा. मी दुसऱ्या गेटने आणून बघितला. उचलून घेतला तर मान वळवून तिकडेच बघत राहिला. शेवटी जुना आणि नवा प्लॅन एकावर एक ठेवले. आमचा उंबरा नेमका त्या खांबाच्या बाजूला पडला.

योगायोग म्हणून सोडून दिलं. खरंच सोडून दिलं.

मग एका रविवारी सकाळी मी रेवा आणि बिस्किटला घेऊन बागेतून परत येत होतो. बिस्किट खांबापाशी बसला. मी पट्टा ओढला.

"बाबा, ओढू नको ना त्याला! आधी दादाचं होऊ दे."

"कुठला दादा?"

"बिस्किटचा दादा." तिने गळ्यातला बागेत न्यायचा नॅपकिन काढला आणि खाली बसली. "दे पाय. शाब्बास. आता हा."

मुलं खेळतात असं, मीही तेच समजलो. पण मी वाकून बघितलं. हवेत धरलेला नॅपकिन कशाभोवती तरी वळत होता. दोन-तीन बोटं जाडीच्या कशाभोवती तरी. ती दाबायची तेव्हा कापड मध्ये टेकायचं, सोडायची तेव्हा मोकळं व्हायचं. आरती संपल्यावर क्षणभर जी शांतता पडते ना, तशी पडली होती. रस्त्यावरचा हॉर्न नाही, लिफ्टचा आवाज नाही. मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की आपण चप्पल काढायला हवी होती.

पुढचे दोन झाले. मागचा एक झाला. मग रेवा थांबली, नॅपकिन माझ्यापुढे धरला.

"हा तू पूस."

"का गं? तूच पूस ना."

"मला देत नाहीये तो. हा तुझाच राहिलाय."

"कुठला?"

"हा काय, मागचा. झाडाच्या बाजूचा."

जांभळाकडे तिने बोट दाखवलं.

मी काय केलं, तेही सांगतो. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय. थांब हं तू," आणि कुणाला 'थांब' म्हणालो ते कळायच्या आत तिला कडेवर घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. बिस्किट नाइलाजाने मागून आला. रेवा माझ्या खांद्यावरून खांबाकडे हात हलवत होती.

वर आल्यावर ओमला सहज विचारल्यासारखं विचारलं, "रेवाला गुंड्याबद्दल काही सांगितलंस का रे?"

"मी कशाला सांगू? तूच म्हणालास ना, विषय काढायचा नाही, आजी रडते." मोबाइलवरची नजर न काढता तो बोलत होता. मग मोबाइल खाली ठेवला. "बाबा, म्हातारा झाला असेल ना रे तो आता? या सुट्टीत जाऊया कर्जतला. एकदाच."

मी "बघू" म्हणालो.

समजा ओमने सांगितलं असतं, तरी काय सांगणार होता? तो पाय राहिलाय हे मला आणि गुंड्यालाच माहीत होतं. रेवाला कसं कळलं, नॅपकिन कशाभोवती वळत होता, हे कुठल्याच प्लॅनवर दिसत नाही. शोधायचंही सोडून दिलंय.

हल्ली मी गाडी मागच्या बाजूला लावतो. बिस्किटला ओम फिरवतो. खांबापाशी तो अजून बसतो म्हणे, आणि ओमला वाटतं लाडावलाय.

गुंड्याचा एक पाय मला पुसायचा आहे. त्याआधी ओमला सांगायचं आहे, की कर्जत कधी नव्हतंच. दोन्ही अजून केलेलं नाही.