तिसऱ्या मजल्यावरची पालखी

भैरोबाची पालखी यंदा सानपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये आणायची असं घरात ठरलं. कारण माझ्या सासूबाईंचा गुडघा.

गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता आणि साताऱ्याकडच्या आमच्या गावची यात्रा तोंडावर आली होती. यात्रेत देवाची पालखी दारोदार फिरते. पण आमच्याकडची रीत अशी की ती आपण होऊन कुणाच्या दारात थांबत नाही. घरातल्या थोरल्या बाईनं मोठ्यानं हाक घालायची, "या देवाऽऽ, घर तुमचं हाय!" मग पालखी थांबते, भोयांच्या पायावर पाणी पडतं, ओवाळणी होते. हाक नाही आली तर भोई चालले पुढच्या घराकडे. आमच्या घरची हाक सासूबाईंची. त्यांची हाक ऐकून शेजारच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

"यंदा द्येव आमच्या दारावरनं तसाच जायचा," असं म्हणून सासूबाईंनी जेवणातून लक्षच काढून घेतलं. ताटात भाकरी तशीच. बोलणं बंद. (सासूबाईंचं बोलणं बंद म्हणजे दुखणं मोठं, हे आमच्या घरात कुणालाही कळतं.)

"मग थोरल्या सुनेनं घालायची हाक," आमचे हे म्हणाले.

थोरली सून म्हणजे मी! मला तिथंच घाम फुटला. मी चौथी शिकलेली, त्यात जन्माची बुजरी. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याशी मी दाराआडून बोलते. भाजीवाल्याकडे दोन बायका माझ्या पुढे घुसल्या तर मी तिसरीलासुद्धा जागा करून देते. मी गावभर हाक घालणार? आणि मी गावाला गेले तर सासूबाईंना उठवणार-बसवणार कोण? तेवढं एक कारण मला देवासारखं धावून आलं.

तोडगा काढला आमच्या कोमलनं. माझी लेक बेलापूरला ऑफिसात आहे. दिवाळीच्या सोडतीत तिला ऑफिसातून होम थिएटर मिळालं होतं. एक मोठा डबा, पाच छोटे डबे आणि वायरींचं भेंडोळं. आल्यापासून ते माळ्यावर पडून होतं. कोमल म्हणाली, "संपतकाका गावाहून फोनवर पालखी दाखवतील. ती लॅपटॉपवर बघायची. लॅपटॉप होम थिएटरला जोडला की चारही बाजूंनी आवाज येतो. आजीला वाटेल आपण यात्रेतच उभ्या आहोत!"

संपत म्हणजे माझे धाकटे दीर. ते म्हणाले, "आईची हाक पालखीपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी. कशी ते इचारू नका." आम्ही विचारलं नाही. तिथंच चुकलं.

यात्रेच्या सकाळी कोमलनं लॅपटॉप मांडून दिला आणि ऑफिसला जाता जाता तीन गोष्टी सांगितल्या. एक, हिरवं बटण दाबलं की काका दिसतील. दोन, काळी पिन लॅपटॉपच्या कडेच्या भोकात घालायची. या दोन्ही ह्यांनी लक्षात ठेवायच्या. तिसरी गोष्ट होम थिएटरच्या रिमोटची होती आणि ती मी लक्षात ठेवायची. तेवढ्यात गॅसवर पुरण लागल्याचा वास आला. मी पुरण वाचवलं. तिसरी गोष्ट गेली.

कोमलनं डबे हॉलच्या चार कोपऱ्यांत ठेवले होते. ती गेल्यावर सासूबाई काठी टेकत उठल्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, तो असा, "ह्ये समदं चुकीचं मांडलंय."

"काय चुकलं आई?" ह्यांनी विचारलं.

"हलगीवालं पिंपळाखाली बसत्यात. पिंपळ उगवतीला. आपली उगवत कुटं?"

"गॅलरीत."

"मग तिकडं ठेव की एक! सनई देवळाच्या पायरीवर. ढोल चावडीफुडं. बायका आडाजवळ. समदी एका खोलीत कोंबल्यावर यात्रा व्हईल व्हय?"

आमच्या ह्यांनी जन्मभर मार्केटमध्ये पोती वाहिली. कुठलीही वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची म्हटलं की त्यांना हुरूप येतो. एक डबा गॅलरीत तुळशीच्या कुंडीत गेला. (तो पिंपळ.) एक फ्रीजवर चढला. (देऊळ.) एक माझ्या स्वयंपाकघरात हळदी-तिखटाच्या डब्यांमध्ये बसला. (आड.) आणि चावडी नेमकी आली मोरीच्या दारात, म्हणून ढोलाचा मोठा डबा पालथ्या बादलीवर! उरलेले दोन पारावरच्या म्हाताऱ्यांचे, ते पलंगावर. वायरी घरभर अशा पसरल्या की पाण्याचा तांब्या आणायलासुद्धा पाय उचलून लंगडी घालत जावं लागत होतं.

"डावीकडं! आरं, डावीकडं सरकीव! चावडी तिथं न्हाई!" सासूबाई दुपारपर्यंत ओरडत होत्या. त्यांना असं खुलून ओरडताना बघून मला बरं वाटलं. जेवणही पोटभर जेवल्या. आणि जेवण झाल्यावर लक्षात आलं की त्यांचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार गेला! तोंडातून निघायची ती फक्त हवा.

मी आल्याचा काढा दिला, गुळण्या दिल्या, ज्येष्ठमध दिलं. पालखीची वेळ जवळ आली. दारासमोरच्या म्हात्रेमावशी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, दर्शनाला म्हणून नारळ घेऊन येऊन बसल्या. सासूबाई हिरवं लुगडं नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन लॅपटॉपसमोर. ह्यांनी पिन भोकात घातली आणि हिरवं बटण दाबलं.

गाव दिसलं! आमचं दार, दाराला तोरण, अंगणात माणसंच माणसं. हलगीवाले हलगी बडवतायत, सनईवाल्याचे गाल फुगलेत. आणि आवाज? अजिबात नाही. पिंपळ गप्प, देऊळ गप्प, चावडी गप्प.

"काय गो, वाजत कसा नाय?" मावशी म्हणाल्या.

ह्यांनी पिन काढून पुसली, पुन्हा घातली. फ्रीजवरच्या डब्याला दोन चापट्या मारल्या. मग पलंगावर बसून निकाल दिला. "लाईन लागली न्हाई. चित्र तेवढं आलंय. आवाज येत न्हाई म्हंजे आपला जात बी न्हाई. फोनचं असंच असतंय."

सासूबाईंचे डोळे भरले. घसा गेलेला, त्यात लाईन गेलेली. हाक घालणार कोण आणि पोचणार कशी? त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी मावशींशी बोलायला लागले. (मावशींशी मी मोकळी बोलते. त्यांच्यापुढे माझं तोंड कसं सुटतं, हे मला स्वतःला कळत नाही.)

"ती कोन गो, मोरपंखी साडीवाली?"

"माझी धाकटी जाऊ, सुमन," मी म्हणाले. आणि मग नीट बघितलं. "अहो, ती साडी माझी आहे! दिवाळीला 'अक्का, एक दिवस नेसून देते' म्हणून नेली, ती अजून नेसतेय! आणि कशी मिरवतेय बघा! तिला मोरपंखी शोभतं का? गवारीच्या शेंगेला सोन्याचा मुलामा दिल्यासारखी दिसतेय!"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मला जरा चेवच आला. तेवढ्यात लॅपटॉपमध्ये सुमननं इकडे तिकडे बघितलं, पदर आवळला आणि पळत घरात गेली.

"पानी आनाया गेली वाटतं," मावशी म्हणाल्या.

ती बाहेर आली तेव्हा पिवळी साडी नेसलेली होती. मला त्यातही काही वाटलं नाही! "एका यात्रेत दोन दोन साड्या," मी म्हणाले, "हौसेला मोल नाही!"

आता अंगणात आमचे तात्या, नात्यानं चुलतसासरे, हलगीपुढे हात वर करून नाचत होते. "हे बघा तात्या. बायकोनं पाण्याची कळशी उचला म्हटलं की ह्यांची कंबर धरते. आता बघा कंबर!"

तात्या थांबले. हात वरच्या वर. हलगीवाला त्यांच्याकडे बघतोय, ते हलगीवाल्याकडे बघतायत.

"चित्र अडकलं काय?" हे म्हणाले आणि लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली. चित्र अडकलं नव्हतं. मागची माणसं चांगली पोट धरून हसत होती.

"सगळे किती आनंदात आहेत!" मी म्हणाले. खरंच म्हणाले!

मग संपतभावजींचा चेहरा एकदम जवळ आला. ते काहीतरी ओरडत होते, हात हलवत होते. आम्हीही हात हलवले. त्यांनी कानाला हात लावला, मग तोंडावर हात ठेवला, मग हात जोडले.

"जेवलात का इचारतोय," ह्यांनी अर्थ लावला.

"जेवलो, भावजी!" मी मोठ्यानं सांगितलं. "पुरण लागलं, पण जेवलो!"

भावजींनी कपाळावर हात मारला.

आणि मग गर्दी हलली. गुलाल उडाला. पालखी आली! आमच्या अंगणाच्या तोंडाशी आली, भोयांनी पावलं मंद केली, वाट बघितली. सासूबाई काठी टेकून उठल्या. तोंड उघडलं. हवा! पुन्हा उघडलं. हवा! हातातला तांब्या पालखीकडे पुढे केला, तसं पाणी लुगड्यावर सांडलं. पालखी दारावरून पुढे सरकू लागली.

सासूबाईंनी काठीचं टोक माझ्या बरगडीत खुपसलं आणि उरलेल्या हवेत म्हणाल्या, "तू घाल."

"मी? आत्या, अहो मी..."

"थोरली हाईस तू."

"घाल गं," हे म्हणाले, "तसा बी आवाज जात न्हाई. आईच्या समाधानाला घाल."

सासूबाईंचे डोळे पालखीवर होते. पालखी निघाली होती. मला वाटलं, नाहीतरी कुणाला ऐकू जाणार आहे? डोळे मिटले आणि जन्मभर न ओरडलेलं सगळं एकदम ओरडले, "या देवाऽऽऽ! घर तुमचं हाऽऽय! असं दारावरनं जाऊ नकाऽऽ, म्हातारीचा जीव लागलाय हो तुमच्यात!"

(शेवटचं रीतीत नाही. आपोआप आलं.)

डोळे उघडले तर पालखी थांबलेली. मग भोई चक्क वळले. पालखी मागे फिरली आणि आमच्या दारात येऊन उभी राहिली!

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. हे उभे राहिले. म्हात्रेमावशींनी नारळासकट हात जोडले. "ऐकला गो! वायर बी नाय, तरी देवानं ऐकला!" माझ्या अंगावर काटा आला. आपण एवढ्या पुण्यवान आहोत, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

तेवढ्यात मोबाईल वाजला. कोमल.

"कोमल, देवानं ऐकलं गं! तुझ्या आईची हाक देवानं ऐकली!"

"देवानं नाही आई, सगळ्यांनी ऐकलं! काकांनी फोन मांडवाच्या लाऊडस्पीकरला जोडलाय, आजीची हाक पोचावी म्हणून! मघापासून तू बोलतेस ते अख्ख्या यात्रेत ऐकू येतंय! साडी, कंबर, पुरण, सगळं! काका पिन काढायला गेले तर लोक काढू देईनात, म्हणतात, तमाशापेक्षा हे बरंय! शेवटी त्यांनी दुसऱ्याच्या मोबाईलवरून मला सांगितलं!"

मी खाली बसले. वायरीवरच बसले.

"आणि रिमोटवरचं 'मोड'चं बटण दाबलं का? त्याशिवाय तुम्हाला काही ऐकू येणार नाही! मी सांगितलेली तिसरी गोष्ट!"

ह्यांनी दाबलं. आणि सहाही डब्यांतून एकदम अशी किंकाळी फुटली की मोरीतली बादली नाचली, तुळशीवरचं कबूतर उडालं आणि गावाकडचे भोई पालखीसकट खाली वाकले. आमचा आवाज गावात, गावाचा आमच्यात, पुन्हा आमचा गावात! भावजींनी धावत जाऊन लाऊडस्पीकरची पिन काढली, तेव्हा कुठे ते थांबलं.

मग यात्रा आली. हलगी काही पिंपळाखालून आली नाही. फ्रीजवरून, स्वयंपाकघरातून, मोरीतून, पलंगावरून, सगळीकडून सगळंच एकदम आलं. ढोल, सनई, चांगभलं! माझ्या हळदी-तिखटाच्या डब्यांची झाकणं थरथरली. मला वाटलं, सासूबाई म्हणतील, चुकीचं मांडलं. पण त्या डोळे मिटून डुलत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "यात्रेत असंच असतंय गं. काय कुटनं वाजतंय कळतच न्हाई." तिकडे सुमननं भोयांच्या पायावर पाणी घातलं, इकडे सासूबाईंनी लॅपटॉपपुढच्या ताटलीत तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. मी ओवाळलं. आणि मग सहाही डब्यांतून माझ्या जावेचा आवाज आला, "अक्का, साडी धुऊन, इस्त्री करून धाडते हं!"

मला त्या वेळी चावडीत, म्हणजे मोरीत, जाऊन कडी लावून घ्यावीशी वाटली. पण दारात ढोल होता.

रात्री सासूबाई पुरणपोळी खाताना म्हणाल्या, "फुडच्या वर्षी मी चालत जाणार. गुडघा झालाच बरा. पर हाक तूच घालायची. पालखी कदी माघारी फिरलेली मी बघितली न्हवती."

मी "हो" म्हणाले. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, ह्याचं माझं मलाच नवल वाटलं.

सुमन आता दर आठवड्याला मला फोन करते. आधी सांगते, "अक्का, साधाच फोन हाय, माझ्याशिवाय कुणी ऐकत न्हाई, बोला." मी बोलते. पण आधी अख्ख्या गावाला नमस्कार करते, तात्यांच्या कंबरेची चौकशी करते, आणि मग जावेला विचारते, कशी आहेस!