मंदा सिस्टरला सगळं सांगावं लागायचं

मंदा सिस्टरनी आमचा कूलर बंद करायला लावला होता.

मे महिन्यात. नागपुरात.

काल सकाळी त्या गेल्या.

माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मॅरो धाकट्या भावाचा. तो माझ्या अंगात नीट रुजेपर्यंत साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकत होतं. डिस्चार्ज झालेल्या अशा पेशंटवर लक्ष ठेवायचं काम मंदा सिस्टरचं.

लक्ष म्हणजे रोज सकाळी आठला फोन.

"ताप किती? तोंडात छाले आहेत का? शी कशी झाली?"

फोन स्पीकरवर. समोर भाऊ पोहे खातोय.

"सिस्टर, हळू बोला ना!"

"काहून वं? लाजून राहिली? आधी बरी हो, मग लाज."

मी घरी यायच्या आदल्या दिवशी त्या कोराडीच्या कॉलनीतलं आमचं घर तपासायला गेल्या. कुंड्या बाहेर काढल्या. मग कूलरसमोर उभ्या राहिल्या. लेक येणार म्हणून बाबांनी त्यात हौसेनं नवा खस, म्हणजे वाळ्याचं गवत, भरला होता.

"भाऊ, हा बंद," त्या बाबांना म्हणाल्या.

"सिस्टर, बाहेर पंचेचाळीस आहे!"

"मग मी काय शिमल्याहून आली का? ओल्या खसात बुरशी धरते. तुमाले-मले काही होत नाही. हिच्या फुफ्फुसात गेली तं..."



एसी चालणार होता. पण मे महिन्यात एसीवाला मिळतो का? त्यानं चार दिवसांनंतरचा वायदा केला.

तिसऱ्या दुपारी मी उकाड्यानं अक्षरशः रडले. बाबांना बघवलं नाही. त्यांनी दोन तास कूलर लावला.

काय झोप लागली मला!

आठवड्याभरात कोरडा खोकला आणि ताप. पुन्हा ॲडमिट. घरी काही वेगळं झालं का, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, नाही. मीही म्हणाले, नाही. आम्हाला सिस्टरच्या रागाची भीती वाटत होती. होय, इतके मूर्ख होतो आम्ही.

अँटिबायोटिक्स चालू, पण ताप हलेना. तिसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या बेडजवळ स्टूल ओढून बाबांसमोर बसल्या.

"भाऊ, कूलर लावला होता ना?"

बाबा ढसाढसा रडले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"दोनच तास, सिस्टर."

आता झापतील म्हणून मी डोळे मिटले.

"पोरगी तडफडून राहिली तं बाप कूलर लावनच. मीही लावला असता. पण मले काहून नाही सांगितलं? मी रागावीन म्हणून? रागावू द्या ना मले! त्यानं काय होते?"

आणि त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. बुरशीचंच इन्फेक्शन निघालं. औषध बदललं आणि मी वाचले. आणखी दोन दिवस गप्प बसलो असतो तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

त्यानंतर बाबा त्यांना सगळं सांगायचे. माझं आणि भावाचं भांडण झालं तरी.

काल त्यांच्या लेकीशी बोलले. सिस्टरच्या छातीत चार दिवसांपासून दुखत होतं. "ॲसिडिटी आहे" म्हणत त्यांनी चारही दिवस ड्युटी केली. डॉक्टरांच्या केबिनपासून वीस पावलांवर.

बाबा कालपासून एकच म्हणताहेत, "एक फोन करायचा होता ना. मी गाडी घेऊन आलो असतो."

मला तुमचा राग आलाय, सिस्टर. खूप. पण त्याहून जास्त माझा स्वतःचा.

नऊ वर्षं तुम्ही मला विचारत राहिलात, कशी आहेस?

मी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. "तुम्ही कशा आहात?" हे मी एकदाही विचारलं नाही.

आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार, सिस्टर.